पुढची जागा कुणाची?

रविवारी बाबांचा फोन आला की दहा मिनिटांत गाडी पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिरावर येतेच. ते पाडून नवं संकुल बांधायचं की आहे तेच नीट करायचं, हा वाद 2018 साली पेटला तेव्हा मी बारावीत होते. आता लंडनमध्ये एम.ए. करतेय, वाद तसाच आहे. बाबा पाडण्याच्या ठाम विरोधात. 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झाली, पुलंनी लक्ष घातलं, 1968 साली पडदा उघडला. अशा वास्तूला हात लावायचाच नाही, असं त्यांचं म्हणणं. "तिकडे बघ, लोक कसं जपतात!"

तिकडे, म्हणजे इथल्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, मी या उन्हाळ्यात अकरा वेळा गेले. बाबांचं बरंचसं खरं आहे. हॉल 1871 सालचा. 1996 ते 2004 अशी आठ वर्षं त्याची मोठी दुरुस्ती झाली, पण कार्यक्रम थांबले नाहीत. सामान उतरवायची जागासुद्धा जमिनीखाली नेली. म्हणून दुरुस्ती करायची तर वर्षानुवर्षं कुलूप लावावंच लागेल, हे मला आता कुणी सांगितलं तरी पटत नाही.

पण विद्यार्थिनीला अकरा वेळा जाणं परवडलं ते तिकिटामुळे. 1895 पासून चालत आलेल्या 'प्रॉम्स' या संगीत महोत्सवात हॉलच्या मधल्या रिंगणातल्या खुर्च्या काढून टाकतात आणि ती जागा उभ्यानं ऐकणाऱ्यांना देतात. त्या दिवशीचं तिकीट सकाळी निघतं, साधारण 8 पौंडांना. आणि हे रिंगण थेट रंगमंचाला भिडलेलं! महागड्या खुर्च्या मागे नि वर. एका संध्याकाळी मी अगदी पुढे, कठड्याला टेकून उभी होते. समोरच्या व्हायोलिनवादक बाईंच्या गजाचा एक केस तुटून लोंबत होता. जराशी उसंत मिळताच त्यांनी तो बोटानं ओढून काढला आणि पुढच्या सुराला बरोबर गज टेकवला. दोन तास उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण तिथून हलावंसं वाटेना.

मला आठवलं ते आपल्याकडचं एक नाट्यगृह. आम्ही मैत्रिणी खिशातले पैसे जमवून तिकिटं काढून बाराव्या रांगेत बसलो होतो. पुढच्या तीन रांगा निमंत्रितांच्या. पहिला अंक संपला तरी निम्म्या रिकाम्या. मध्यंतरानंतर पुढे सरकलो, तर उठवलं.

इथेही सगळं आलबेल नाही, हे बाबांना मी दर वेळी सांगते. या हॉलच्या पाच हजारांवर जागांपैकी बाराशेहून जास्त खासगी मालकीच्या आहेत. बांधकामासाठी पैसा हवा म्हणून 100 पौंडांना एक जागा, 999 वर्षांच्या करारानं विकलेली. त्यातल्या काहींची तिकिटं आज चढ्या भावानं विकली जातात, त्यावरून इथेही भांडणं आहेत.

आणि एक गोष्ट पुण्यानं मला दिली, ती लंडनमध्ये अजून मिळालेली नाही. इथे मी फक्त ऐकणारी आहे. तिथे मी करणारी होते. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. अकरावी-बारावीची पोरंसुद्धा भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभी राहतात, आणि 'अरे आवाऽऽज कुणाचा' ही आरोळी अंगावर काटा आणते. पण आमच्या तालमी कुठे व्हायच्या? कॉलेजच्या पार्किंगमध्ये. आठ वाजता दिवे बंद झाले की दोन ॲक्टिव्हांचे हेडलाइट लावून. वॉचमनकाका कनवाळू, म्हणून साडेनऊपर्यंत चालायचं.

बालगंधर्वावरच्या वादात मी पार्किंग वाचलं, स्वच्छतागृहं वाचली, दुकानं वाचली, आठवणी तर खूप वाचल्या. तालमीच्या खोल्यांबद्दल चार ओळीही क्वचितच वाचल्या. बाबा, जुनं ठेवा की नवं बांधा, मला दोन गोष्टी हव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजच्या संघांना नाममात्र भाड्यानं तालमीची जागा. आणि प्रत्येक प्रयोगाला पुढच्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी, सगळ्यात कमी दरात. निमंत्रितांना तिसरीपासून बसवा.

परवा ज्युनियरचा व्हॉइस मेसेज आला. पाऊस तिरका येतोय, पार्किंगमध्ये पाणी शिरलंय, म्हणून तालीम जिन्यात चालू आहे. मागे कुणीतरी स्वगत म्हणत होतं, आणि वरून कुणी उतरायला लागलं की थांबत होतं.