‘साडीचा कॅन्सर’ : दोष वस्त्राचा की गाठीचा?

‘साडी नेसल्याने कॅन्सर होतो, हा आजार नुकताच सापडला आहे, कमरेवर काळा वळ असेल तर ती त्याची पहिली खूण समजा आणि साडी सोडा,’ अशा अर्थाचा मजकूर कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांतून वारंवार फिरत असतो. तो निव्वळ थाप असता, तर उत्तर देणे सोपे होते. पण त्यात सत्याचा एक कण आहे.

आजार नुकताच सापडलेला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्येच ‘धोतराचा कर्करोग’ वैद्यकीय वाङ्मयात नोंदवला होता. सध्याच्या मजकुराचे मूळ बहुधा २०२४ मधील ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकातल्या लेखात असावे. त्यात वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी कमरेवर व्रण झालेल्या दोन वृद्ध महिलांची हकिकत दिली आहे.

‘साडीमुळे’ हा शब्दही नेमका नाही. त्या दोघींपैकी एक परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी मात्र परकराविना, चाळीस वर्षे, कमरेशी करकचून लुगडे नेसत होती. म्हणजे नाडी असो, लुगड्याची गाठ असो वा धोतराचा वेढा, वर्षानुवर्षे त्याच जागी पडणारा दाब आणि घर्षण हेच या सर्वांत समान आहे. घाम व धूळ यांनी ती जागा खाजते, कातडी जाड होते किंवा तिचा रंग उडतो, आणि कधी जखम होते. जखम भरू लागते तोच दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिच्यावर बसते. अशा जुनाट जखमेत क्वचित त्वचेचा ‘स्क्वॅमस सेल’ (वरच्या थरातील चपट्या पेशींचा) प्रकारचा कर्करोग उद्भवतो. भाजल्याच्या जुन्या व्रणांतही तो होतो, आणि तेथे साडीचा काहीच संबंध नसतो.

काळ्या वळाविषयीचे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते घाबरवते तेथे घाबरण्याचे कारण नाही आणि सावध करायला हवे तेथे गप्प बसते. साडी नेसणाऱ्या असंख्य महिलांच्या कमरेवर असा वळ असतो आणि कर्करोगाची उदाहरणे मात्र अत्यंत तुरळक आहेत. लक्ष ठेवायचे ते काही आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर, तिच्या टणक व उंचावलेल्या कडांवर, रक्त किंवा दुर्गंधी येण्यावर आणि वाढत्या गाठीवर. यांपैकी काही दिसले तर हळद, खोबरेल किंवा दुकानातून आणलेले मलम लावत बसण्यात वेळ जातो; निदान बायोप्सीनेच, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होते. वरच्या दोघींच्या जखमा अनुक्रमे दीड आणि दोन वर्षे तशाच होत्या, आणि लुगडे नेसणाऱ्या बाईंचा आजार तोवर जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत (लिम्फ नोड) पोहोचला होता.

साडी सोडण्याचा सल्ला मला अव्यवहार्यच नव्हे, तर अनावश्यकही वाटतो. बारीक सुतळीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी वापरणे, गाठ रोज दोन बोटे वरखाली सरकवणे, घरी असताना नाडी सैल करणे आणि कातडी सोलली असेल तर ती भरेपर्यंत सैल कपडे घालणे, एवढ्याने मूळ कारणच दूर होते. अर्थात, काष्टा घालून भातलावणीत वाकणाऱ्या बाईला ‘सैल नेसा’ सांगणे निरर्थक आहे, कारण नऊवार त्या गाठीवरच तोललेले असते. तिला गाठीची जागा बदलणे जमू शकते.

राहिला प्रश्न ही जखम पाहणार कोण, याचा. कमरेचा तो भाग दिवसभर कपड्याआड असतो आणि पाठीकडच्या बाजूला स्वतःची नजर पोहोचत नाही. आंघोळीच्या वेळी तेथे हात फिरवून खरखरीतपणा वा ओलसरपणा जाणवतो का ते पाहणे, आणि वृद्ध आईला किंवा सासूबाईंना महिन्यातून एकदा ‘कंबर दाखवा’ असे लेकीसुनांनी न संकोचता म्हणणे, एवढे घरात करता येते. दवाखान्यातही रक्तदाब मोजून झाल्यावर नाडीखालच्या कातडीविषयी एक प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही.