सी भरला, डी रिकामा

कॉम्प्युटरपुढे घाम फुटायला जळगावचा मे महिना लागत नाही. नवं सॉफ्टवेअर कुठल्या ड्राइव्हवर बसवायचं ते विचारणारी इन्स्टॉलरची एक खिडकी पुरते: ‘डेस्टिनेशन फोल्डर’, शेजारी ‘ब्राउज’चं बटण, आणि खुर्चीमागे उभे चार सल्लागार. “डी मा टाक ना भो, सी भराई जाई!”

हा सल्ला जुन्या जमान्यातला. तेव्हा एकाच हार्ड डिस्कचे दोन तुकडे करून सी आणि डी म्हणत. एकाच धाब्याच्या घरात मधे भिंत घातलेली. (ए आणि बी फ्लॉपीसाठी राखीव. फ्लॉप्या गेल्या, आरक्षण राहिलं.) आता अनेक ठिकाणी सी म्हणजे एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणि डी म्हणजे जुनी फिरती डिस्क. साटा जोडणीची साधी एसएसडी सेकंदाला ५०० एमबी वाचते, फिरती शंभर-दीडशेतच दमते. त्यात मोठं सॉफ्टवेअर उघडताना हजारो बारक्या फायली ठिकठिकाणाहून उचलायच्या असतात, तेव्हा तिचं हेड, म्हणजे वाचणारं टोक, नुसत्या येरझारा घालतं. ऑटोकॅडसारखं ड्रॉइंगचं जड सॉफ्टवेअर डीवर टाकलं तर ते उघडेपर्यंत शेवभाजीला तर्री सुटते.

पण सी तरी केवढा? खोक्यावर २५६ जीबी, आत २३८. केळीच्या घडातून दांड्याचं वजन कापावं तसं इथे कुणी कापलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यात हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना रॅममधलं सगळं ठेवायची), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं आधीच्या विंडोजचं ‘विंडोज.ओल्ड’. शिवाय पंधरा-वीस टक्के जागा मोकळी सोडावी, नाहीतर एसएसडीही रेंगाळते.

बरं, डी निवडला म्हणून सी सुटतो का? बरेच इन्स्टॉलर आधी सगळा माल टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फोल्डरात सोडतात, आणि टेम्प सीवर. भरीत घरात बसून खायचं असलं तरी वांगी अंगणातच भाजावी लागतात! डीवर १०० जीबी मोकळे असूनही ‘जागा अपुरी’ येते ती यामुळे. ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ ही दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजला टेम्पचा पत्ता सांगणाऱ्या नोंदी) तात्पुरती डीवर वळवली की बहुधा गाडी पुढे सरकते. प्रोग्रामरांचा व्हिज्युअल स्टुडिओ मात्र खमक्या. डीवर बसवला तरी काही टूल्स आणि एसडीके (प्रोग्राम बनवायच्या साधनपेट्या) सीवरच ठेवतो, आणि सामाईक भागांची जागा फक्त पहिल्या वेळी विचारतो. तेव्हा ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ केलं की संपलं.

धाडसी मंडळी ‘प्रोग्राम फाइल्स’मधला फोल्डर कट करून डीवर पेस्ट करतात. मग सॉफ्टवेअर उघडत नाही, कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, पत्ता जुनाच. बिऱ्हाड भुसावळला, रेशन कार्ड जळगावचं. अनइन्स्टॉल करून पुन्हा बसवणं हाच सरळ मार्ग. सेटिंग्जमधलं ‘मूव्ह’ बटण मुख्यतः स्टोअरच्या अ‍ॅपपुरतं. आणि सी फॉरमॅट केला तर डीवरचं सॉफ्टवेअर ‘वाचलं’ असं समजू नये. फायली असतात, नोंदी गेलेल्या असतात.

माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअर सीवर, माल डीवर. ड्रॉइंग, कच्चं शूटिंग, टॅलीचा डेटा, जुने सेटअप सगळं तिकडे. ‘डाउनलोड्स’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, एवढ्यानेही सी श्वास घेतो.

फक्त त्याआधी डी खरंच रिकामा आहे का ते बघायचं. तिथे ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये कुणाच्या तरी हळदीचं ७४ जीबी शूटिंग असतं, त्याची आणखी एक कॉपी ‘न्यू फोल्डर (५)’मध्ये. ‘डिलीट’ दाबायची वेळ आली की मागे वळून बघावं, चारही सल्लागार चहाला गेलेले असतात.