खाणीवर मोरघारीनं घरटं केलंय? टेन्शन घेऊ नका शेठ

सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते व्हायचेत, घाट व्हायचेत, खडी पुरत नाही, हायवा लाईन लावून उभे, आणि नेमकं अशा टायमाला तुमच्या खाणीच्या वरच्या कड्यात काटक्यांचा भला मोठा ढीग दिसतो आणि त्यावर मोरघारीची जोडी. गरुडच तो, ससे-तितर मारून खाणारा, पण अख्खा सह्याद्री सोडून त्याला तुमचाच गट नंबर सापडला. होतं असं. आधी कायदा समजून घ्या म्हणजे झोप लागेल.

१९७२ चा वन्यजीव कायदा वाचायला लय कडक आहे. त्यात शिकार म्हणजे नुसती बंदूक नाही, पक्ष्याची अंडी फोडली, घरट्याला त्रास दिला तरी ती शिकारच धरलीय. पक्षी शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला, असला तर ३ ते ७ वर्षं आत, वर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५ हजार. हातपाय गार पडले ना? आता हेच पुन्हा शांत डोक्यानं वाचा. घरट्याला त्रास झाला म्हणायला आधी घरटं असावं लागतं, आणि आपल्याकडं एखादी गोष्ट असते ती कागदावर, कड्यावर काय, काहीपण असतं.

म्हणजे सगळा खेळ खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी करतात त्या पशुपक्ष्यांच्या सर्व्हेचा. मोरघार थंडीत अंडी घालते, एक किंवा दोन, मग चाळीसेक दिवस उबवणं, मग पिल्लू उडेपर्यंत अजून दोन महिने, म्हणजे थेट उन्हाळा. तर सर्व्हेवाल्याला कधी बोलवायचं? बरोब्बर, जुलैत. डोंगर हिरवागार, धुक्यात कडा दिसतच नाही, रिपोर्टात कावळा, साळुंकी, बुलबुल, झालंच तर एखादा शिक्रा टाका, नाहीतर उगाच कुणाला संशय यायचा. सर्व्हेचा खर्च जिवावर येत असेल तर जुना रिपोर्ट घ्या आणि गावाचं नाव बदला, फक्त जरा बघून. रत्नागिरीकडं एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टात रशियातल्या खाणीचा मजकूर उचललेला निघाला होता. कोकणात स्प्रूसची, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या झाडांची, जंगलं! आपण निदान नगर जिल्ह्यातला उचलावा, बाभूळ तरी जुळते.

क्षेत्र पाच हेक्टरच्या आत ठेवा. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं छोट्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लावून दिली हे खरं, पण एकटी छोटी खाण असली की जनसुनावणीची कटकट नसते. म्हणून एक तुमच्या नावावर, एक वहिनींच्या, एक मेव्हण्याच्या. दोन खाणींत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असलं की क्लस्टर, म्हणजे मिळून एकच मोठी खाण, धरतात, तेव्हा नकाशा काढणारा माणूस समजूतदार हवा.

अमेरिकेतल्या खाणवाल्यांची मात्र कीव येते राव. बाल्ड ईगल या त्यांच्या गरुडासाठी १९४० पासून वेगळा कायदा, १९६२ ला गोल्डन ईगलपण त्यात घेतला, वर गाइडलाइन अशी की बाल्ड ईगलच्या चालू घरट्यापासून अर्ध्या मैलाच्या आत सुरुंग टाळा. १९७८ ला त्यांनी खाणकामाच्या आड येणारं गोल्डन ईगलचं घरटं काढायची सोय केली, पण परमिट घेऊन! म्हणजे घरटं काढायला आधी इथं घरटं आहे असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. एवढा बावळट माणूस आपल्या तालुक्यात तरी मला माहीत नाही.

आता सुरुंगाचं. घरट्याला हात लावायचाच नाही, हात लावला की गुन्हा दिसतो. नुसते बार उडवा. जानेवारीत संध्याकाळचा बार, मादी उडाली की अंधार पडला तरी परत येत नाही, आणि इकडची थंडी तुम्हाला माहितीये, निफाडला पारा पाचच्या खाली उतरतो. मार्चात दुपारचा बार, कातळ तापलेला, पिल्लावर पंखाची सावली धरायला कुणी नाही. नंतर पंचनाम्याला काय सापडणार, काटक्या. काटक्या कुठल्याच शेड्यूलमध्ये नाहीत.

कॅमेरेवाली पोरं येतीलच. त्यांच्याशी भांडायचं नाही, चहा पाजायचा आणि नांदूर मध्यमेश्वरला पाठवायचं. २०२० ला जाहीर झालेली रामसर साईट आहे, म्हणजे जगानं महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, राज्यातली पहिली, तिथं बघा म्हणावं काय बघायचं ते. नाहीतर अंजनेरीला जा, तिथं गिधाडांच्या कड्यांना संरक्षण दिलेलंय, म्हणजे उरलेले डोंगर आपले. हा हिशोब अजून कुठल्या जीआरमध्ये आलेला नाही, पण चालतो सगळीकडं. एखाद्यानं तक्रार केलीच तर करू द्या, एक अर्ज तहसीलला, एक वनखात्याला. महसूलवाले म्हणतील पक्षी आमचा नाही, वनवाले म्हणतील जागा आमची नाही (कायद्यात जागा कुणाचीही असली तरी घरटं ते घरटंच, पण हे तुम्ही कशाला सांगताय), आणि फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत पावसाळा लागतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोरघारीची जोडी आपल्या इलाख्यात दोन-तीन घरटी राखून असते, इथं जमलं नाही तर पुढच्या थंडीत पलीकडच्या कड्यावर बसते. तो गट आत्ताच साडूच्या नावावर करून घ्या, मार्चनंतर भाव वाढतील.