दुर्बिणीशिवायही दिसतं की
एका लेखात पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन बघायला चांगली दुर्बीण हवी असं लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. उलट दुर्बिणीत धरायला गेलात तर हातातनं निसटतंच, ताशी २८,००० किमीच्या आसपास वेग आहे त्याचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला जेमतेम काही मिनिटं. नुसत्या डोळ्यांनी बघा, शुक्रासारखा ठळक ठिपका, अजिबात लुकलुकत नाही, लुकलुकला तर ते विमान समजायचं.

वेळ मात्र महत्त्वाची. सूर्य मावळल्यावर तास-दीड तास नाहीतर पहाटे, कारण आपल्याकडे अंधार पण ४०० किमी वर अजून ऊन असतं, त्या उन्हातच ते चमकतं, स्वतःचा दिवा काही नाही त्याला. मी पहिल्यांदा मुलीला गच्चीवर नेलं तेव्हा ते पश्चिमेकडनं वर आलं, डोक्यावरनं थोडं पुढे गेलं आणि अचानक तांबूस होत होत गायबच, पोरगी म्हणे बाबा विझलं! म्हटलं अगं पृथ्वीच्या सावलीत शिरलं ते. तिला पटलं नाही, अजून विझलं असंच म्हणते 😄

आणि हौशी लोकांना कमी समजू नका हां. नासाचा इमेज नावाचा उपग्रह २००५ च्या डिसेंबरात गप्प झाला होता, जानेवारी २०१८ मध्ये त्याचा सिग्नल सापडला तो एका हौशी माणसालाच, दुसराच एक उपग्रह शोधताना. अर्थात ते रेडिओवर, डोळ्यांनी नाही.