करवंटीतले बाळंतपण

आमच्या घरी गेल्या तीन महिन्यांत तीन बाळंतपणे झाली. बाळंतीण जेमतेम 5 सेंटिमीटर लांबीची, तिची खोली म्हणजे नारळाची अर्धी करवंटी, आणि तिच्या पथ्यपाण्यासाठी राबणारा गडी म्हणजे मी. निवृत्तीनंतर एखादा शांत छंद असावा म्हणून ज्याने मासे पाळले, तो.

या बुटक्या सिक्लिड माशांचे पत्रिकेतले नाव ‘ॲपिस्टोग्रामा काकाटुइडिस’ असे आहे. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, म्हणून 1951 साली त्याचे हे बारसे झाले. मूळ गाव पेरू देशातले ॲमेझॉनचे खोरे, आणि तिथेही संथ पाण्याखाली साचलेला पालापाचोळा. तेव्हा आमच्या दोन फुटी टाकीत तसा पालापाचोळा हवा, आणि त्यासाठी देशी बदामाची वाळकी पाने उत्तम, हे कळल्यापासून मी पहाटे सोसायटीच्या आवारात वाकून पाने वेचू लागलो. पहिल्या दिवशी रखवालदाराने “साहेब, काय हरवलं?” असे विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी झाडलोटीचे अख्खे पोते बाजूला काढून ठेवले, ज्यात बदामाची चार पाने आणि कुणाचा तरी एक मोजा होता. ती पाने मुरल्यावर पाणी कोऱ्या चहासारखे झाले, आणि पाहुण्यांसमोर टाकी कधी धुतली होती याची चौकशी आमच्या सौभाग्यवती मोठ्याने करू लागल्या.

पाणी मानवले असावे, कारण आठवड्याभरात मादी लिंबासारखी पिवळी झाली, अंगावरचे काळे डाग ठसठशीत उमटले, आणि अंग वाकवून, थरथरवून ती नराला करवंटीकडे बोलावू लागली. ही मंडळी अंडी छताला चिकटवतात. मादी आत जाऊन उताणी होते आणि करवंटीच्या आतल्या बाजूला तांबूस अंडी ओळीने लावत जाते. मी टॉर्च मारून पाहिले, तर खसखशीहून थोडी मोठी अशी साठेक अंडी होती. त्या दिवसापासून 8 सेंटिमीटरच्या त्या तुरेवाल्या नराची जी अवस्था झाली, ती पाहवत नव्हती. काम संपताच मादीने त्याला घराबाहेर काढले होते. नदीत त्याच्या तीन-चार बायका वेगवेगळ्या कोपऱ्यांत नांदतात, त्यामुळे एकीने हाकलले तर दुसरीकडे जाण्याची सोय असते. दोन फुटांत तो जाणार कुठे? फाटक्या शेपटीने तो हीटरच्या मागे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत रिकामे होते. मी सरळ नराला दोषी ठरवून पुढच्या खेपेला अंडी पडताच त्याची रवानगी बादलीत केली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नर बादलीत, अंडी गायब, आणि मादीचे पोट टम्म. नवशिक्या मादीला धोक्याची शंका आली, की ती स्वतःची अंडी स्वतःच खाऊन टाकते, हे मला तेव्हा दुकानदाराकडून कळले. नराची मी मनोमन माफी मागितली. पण धोका कसला, याचा उलगडा मात्र गावाहून आलेल्या आईने एका वाक्यात केला. “अरे, बाळंतिणीच्या खोलीत दर तासाला टॉर्च घेऊन कोण डोकावतं?”

तिसऱ्या खेपेला टॉर्च तांदळाच्या डब्यात गेला, हे मला खूप नंतर समजले. आईने टाकीवर आपले जुने नऊवारी पांघरले, फक्त समोरच्या कोपऱ्यात चार बोटांची फट ठेवली, आणि घरात कोणी दार आपटले तर त्याला दटावू लागली. अंडी तिसऱ्या दिवशी फुटतात आणि पिल्ले त्यानंतर पाचेक दिवसांनी पोहू लागतात, एवढे मी तिला सांगून ठेवले होते. बाकी हिशेब ती बोटांवर करीत होती.

माझ्याकडे पिल्लांच्या जेवणाचे खाते होते. त्यांना पहिला घास जिवंत लागतो. आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या किड्याची भुकटीसारखी अंडी, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, खालून हवेचे बुडबुडे, आणि 24 तासांनी केशरी ठिपके पोहायला लागतात. हा सगळा कारखाना शीतपेयाच्या उलट्या बाटलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सोलकढीच्या पातेल्याशेजारी चालू होता. दोन्हींच्या रंगांत फारसा फरक नाही, एवढेच सांगून मी त्या दिवशीच्या जेवणाचा विषय सोडतो.

अंडी फुटल्याच्या पाचव्या रात्री आईने टाकीपुढे पाटावर कोरा कागद आणि माझे पेन ठेवले. “पाचवी आहे. सटवाई काय लिहायचं ते लिहील,” ती म्हणाली. मी हसलो नाही. तीन महिन्यांत हे मासे माझ्याच पाचवीला पुजलेले असल्याची माझी खात्री झाली होती.

सकाळी मी फटीतून पाहिले, तेव्हा पिवळी मादी करवंटीच्या दाराशी होती आणि तिच्या खाली वाळूवर बारीक स्वल्पविरामांचा एक ढग हलत होता. मी जरा पुढे सरकलो, तसे तिने पोटाखालचे पर झटकले आणि अख्खा ढग वाळूवर बसून दिसेनासा झाला. एक पिल्लू उशिरा निघाले, तर तिने त्याला तोंडात घेतले आणि बाकीच्यांत थुंकून टाकले. हीटरमागून नर हे पाहत होता.

मी पाटावरचा कागद उचलला. सटवाईने काही लिहिले नव्हते, म्हणून मोजायला बसलो. एकोणतीस. मग पुन्हा मोजले, तर छत्तीस आले. आई मागून म्हणाली, “मोजू नकोस, दृष्ट लागेल,” आणि नऊवारीची फट बंद केली.