ब्राइटनेस कमी करा म्हणे!

डार्क मोड, म्हणजे काळ्या पडद्यावर उजळ अक्षरे, ही तरुण पोरांची हौस आहे असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी माझ्या डोळ्यांनी एकदा विम्याचा हप्ता ऑनलाइन भरून दाखवावा. लहानपणीच्या संसर्गामुळे माझ्या दोन्ही बुबुळांवर फूल पडलेले आहे. पडद्याचा पांढरा उजेड त्या डागांतून शिरताना डोळ्यात सगळीकडे विखुरतो आणि काळी अक्षरे त्यात विरून जातात. उलट पार्श्वभूमी काळी असली की विखुरायला उजेडच थोडा असतो, म्हणून मला वाचता येते. इतके साधे कारण आहे.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना दुपारी सीताबर्डीच्या शाखेत कोण जाणार, म्हणून कूलरसमोर बसून कंपनीची वेबसाइट उघडली. माझा फोन कायम डार्क मोडवर असतो. तरीही पान उघडले ते पांढरेफटक, आणि ओटीपीच्या चौकटीत तर मी टाकलेले आकडे पांढऱ्यावर पांढरे! फोनने अक्षरे उजळ केली, वेबसाइटने चौकट पांढरीच ठेवली, आणि सत्र संपेपर्यंत मी नसलेले आकडे शोधत बसलो.

मदत केंद्रातल्या ताईंनी सल्ला दिला, "सर, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करा ना." अहो, ब्राइटनेस कमी केला की अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच मापाने मंदावतात, धुके तेवढेच राहते, वर अंधाराची भर पडते. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, त्यांना तेच पढवलेले असते. राग आहे तो पान बनवणाऱ्यांवर आणि ते न तपासता मंजूर करणाऱ्यांवर.

वापरणाऱ्याला गडद रंग हवेत, हे ब्राउझरकडून विचारून घेण्याची प्रिफर्स-कलर-स्कीम नावाची सोय क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत २०१९ पासून आहे. म्हणजे मी माझी गरज फोनला एकदा सांगून ठेवलेली आहे, फोन ती प्रत्येक वेबसाइटला सांगायला तयार आहे, आणि ही मंडळी विचारण्याचे कष्टही घेत नाहीत. रंग एका जागी नीट लिहून ठेवलेले असतील तर गडद रंगांचा दुसरा संच जोडणे म्हणजे डोंगर उचलणे नव्हे. पण दर दिवाळीला मुखपृष्ठावर पणत्या फिरवायला यांना वेळ सापडतो!

काही ठिकाणी डार्क मोड देतात, पण करड्यावर करडी अक्षरे. वेबच्या सुगम्यतेची, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात यासाठीची, आंतरराष्ट्रीय मानके साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतका उजळ-गडद फरक मागतात, हे २००८ पासून लिहून ठेवलेले आहे. काही जण तर ही सोय सशुल्क सदस्यांसाठी राखून ठेवतात, जणू माझे बुबुळ ही चैनीची वस्तू आहे. आणि सगळ्यांवर काळे पान लादा असेही मी म्हणत नाही. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम, डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा दोष) असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरट दिसतात. म्हणूनच निवड वाचणाऱ्याच्या हातात हवी.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ऑनलाइन केवायसीच्याच प्रकरणात डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. माझ्या विमा कंपनीने त्यानंतर वेबसाइटचे नूतनीकरण केले खरे. आधी फिकट पिवळसर असलेली पार्श्वभूमी आता शुभ्र पांढरी केली आहे.