कुहीचं टंगस्टन आणि जांभळी टॉर्च

आज सकाळपासून जो तो एकच रील पाठवतोय. कुही तालुक्यातला कुठलासा माळ, रात्रीची वेळ, एक पोरगा दगडावर जांभळी टॉर्च मारतो, दगड केशरी चमकतो. खाली मोठ्या अक्षरांत: ‘नागपूरजवळ टंगस्टनचा खजिना, सरकार गप्प!’ डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. लांब होईल.

शीलाइट हे टंगस्टन या जड, कठीण धातूचं कॅल्शियमवालं खनिज. ते चमकतं २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, आणि चमक निळसर पांढरी असते. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला असेल तर पिवळट. बाजारातली जांभळी टॉर्च बहुतेक वेळा ३९५ची असते, तिच्याखाली शीलाइट ढिम्म हलत नाही. त्या पोराचा केशरी दगड बहुधा कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या साध्या खनिजाचा. आणि वुल्फ्रमाइट, म्हणजे लोह-मँगनीजवालं काळं जड खनिज, कुठल्याच दिव्याखाली चमकत नाही. कुहीच्या पट्ट्यात दोन्ही खनिजं आहेत. म्हणजे योग्य दिवा नेला तरी वुल्फ्रमाइट निसटणारच.

हो, कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टन आहे. त्यात गुपित काही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे काम केलंय, आणि भारतीय खाण ब्युरोच्या वार्षिकात आकडेही छापलेले आहेत: कुहीत टंगस्टन ऑक्साइड ०.०१ ते ०.१९ टक्के, खोबन्यात ०.१३ ते ०.३८. खजिना म्हणणाऱ्यांनी जरा गणित करावं. ०.२ टक्के म्हणजे एका टनात २ किलो ऑक्साइड. खडक दळून खनिज वेगळं करणाऱ्या गिरणीत ७० टक्के हाती लागलं तर १.४ किलो. बाजारात विकायला ६५ टक्के ऑक्साइडचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे रिकामा खडक काढून उरलेला खनिजाचा माल, लागतो. म्हणजे एक टन कॉन्सन्ट्रेटसाठी साडेचारशे टनांहून जास्त खडक फोडायचा, दळायचा. शीलाइट ठिसूळ. जरा जास्त दळलं की त्याची पिठी होऊन गाळाबरोबर वाहून जाते.

त्या पोरावर मात्र राग नाही. रात्री दगड बघत फिरणारं पोर मला आवडतंच. खाली ती अक्षरं टाकणाऱ्यांवर आहे.

कारण खरी गंमत खडकात आहे आणि ती कुणी सांगत नाही. साकोली समूहाचे हे प्रोटेरोझोइक, म्हणजे अतिप्राचीन काळातले खडक: फिलाइट नि अभ्रकी शिस्ट हे दाबाने-उष्णतेने बदललेले पापुद्र्यांचे खडक, मधूनमधून जुन्या ज्वालामुखींचे थर. त्यांत क्वार्ट्झ-टूर्मलीनच्या शिरा आणि ग्रायझन. ग्रॅनाइट थिजताना शेवटी उरलेलं गरम पाणी फेल्डस्पार खाऊन टाकतं आणि मागे क्वार्ट्झ नि अभ्रक उरतं, ते ग्रायझन. त्या पाण्यातल्या टंगस्टनला कॅल्शियम भेटलं की शीलाइट, लोह-मँगनीज भेटलं की वुल्फ्रमाइट. पण हे टंगस्टन ग्रॅनाइटनेच आणलं की आधीपासून थरांत होतं, यावर तज्ज्ञांत वाद आहे. हा वाद पुस्तकी नाही. थरातलं असेल तर थर जातो त्या रेषेवर ओळीने, थर आडवा कापत बोअर घ्यायचे, शिरांतलं असेल तर शिरा आडव्या कापत. चुकीच्या दिशेने बोअर घेतला की पैसा मातीत.

नमुन्यांचंही तेच. दगड हातोडीने फुटतो तो बहुधा शिरेवरच, खनिज असतं तिथेच. मग अख्खा पृष्ठभाग लखलखतो आणि जाडी भरते एक मिलिमीटर. म्हणून चॅनेल सॅम्पल, म्हणजे खडकात सलग खाच कोरून काढलेला नमुना, शिरेला आडवं घ्यायचं, बाजूच्या खडकासकट. १० सेंटिमीटरच्या शिरेत २ टक्के असले, तरी खणताना १२० सेंटिमीटर काढावे लागतात. बाकीचा खडक रिकामा असेल, तर हातात ०.१७ टक्के.

आता प्रयोगशाळा, इथे तर मी चिडतोच. नमुना टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळला तर भांड्याचंच टंगस्टन नमुन्यात उतरतं! क्रोम स्टीलचं भांडं वापरा. नेहमीच्या आम्लांत विरघळवला तर टंगस्टन पूर्ण उतरत नाही, किंवा टंगस्टिक आम्ल होऊन तळाशी बसतं आणि आकडा खोटा कमी येतो. सोडियम पेरॉक्साइडने फ्यूजन करूनच, म्हणजे त्याच्याबरोबर तापवून वितळवूनच, मोजायला हवं. एका चुकीने आकडा फुगतो, दुसरीने बुडतो, आणि कागदावर दोन्ही सारखेच खरे दिसतात.

चीनचा मुद्दा येणारच. मान्य. जगातलं ८० टक्क्यांहून जास्त टंगस्टन तिथून येतं, फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी निर्यातीवर नियंत्रण आणलं, आपल्याकडे २०२३च्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत ते आहे. भाव चढले तर आज न परवडणारा कमी टंगस्टनचा खडकही परवडेल. म्हणूनच तर म्हणतोय, काम नीट करा. जुन्या बोअरचा कोअर, म्हणजे त्यातून काढलेला खडकाचा दांडा, शिल्लक असेल तिथे तो २५४च्या दिव्याखाली पुन्हा पाहा, पण डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा लावून. काळं खनिज दिव्यावर न सोडता हाताने नोंदवा. अर्धा कोअर फ्यूजनला पाठवा, आणि प्रत्येक खेपेत एक रिकामा (टंगस्टन नसलेला) आणि एक प्रमाणित (आकडा आधीच ठाऊक असलेला) नमुना घाला, म्हणजे प्रयोगशाळेची चूक पकडता येईल. ते आकडे आल्यावर बोअर कुठे घ्यायचा यावर बोलू.